सहा दिवसांत पाच सामने: सुवानी विद्यापीठाच्या १८९९ च्या मोसमाविषयी

प्रश्न असा आहे. महाविद्यालयीन कबड्डी संघाला शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांच्या वाचनात आले, की अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या सुवानी नावाच्या लहानशा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १८९९ साली सहा दिवसांत पाच सामने जिंकले, तेही सगळे परगावी आणि एकही गुण न देता. हे खरोखर घडले का, मानवी शरीराला ते झेपते का, आणि झेपत असेल तर आजचे खेळाडू तसे का करत नाहीत, असे त्यांनी विचारले आहे. आपल्या मुलांपुढे हे उदाहरण ठेवावे का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

घडले, हे आधीच सांगून टाकतो. तारखा, गावे आणि गुणसंख्या या सगळ्याची नोंद आहे. दंतकथा असतील तर त्या भोवतालच्या किश्श्यांत आहेत, निकालांत नाहीत. मी गेली सत्तावीस वर्षे खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करतो आणि त्यातली बरीच वर्षे कबड्डी व रग्बीच्या संघांबरोबर दौऱ्यांवर गेली आहेत. त्यामुळे असा एखादा मोसम समोर आला की माझी नजर पराक्रमाच्या आधी वेळापत्रकावर जाते. सुवानीचे वेळापत्रक अनेकदा न्याहाळल्यावर माझे मत असे झाले आहे, की या मोसमाचा खरा कर्ता मैदानावर नव्हताच. तो मैदानाच्या कडेला वही घेऊन उभा असलेला वीस वर्षांचा विद्यार्थी व्यवस्थापक होता.

हा फुटबॉल म्हणजे आपण पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, आणि आज दूरचित्रवाणीवर दिसणारा अमेरिकी फुटबॉलही नव्हे. तो रग्बीतून नुकताच वेगळा झालेला, अजून अर्धवट रग्बीच असलेला खेळ होता. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू, एकशे दहा यार्ड लांबीचे मैदान, पस्तीस मिनिटांचे दोन डाव. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास परवानगी नव्हती; ती १९०६ साली मिळाली. म्हणजे चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचे, आपल्या साथीदारांनी मागून ढकलायचे किंवा पुढून ओढायचे, आणि पकडला गेलेला गडी स्वतः ‘डाऊन’ म्हणत नाही तोवर सरपटत पुढे जाण्याचा प्रयत्न करू शकायचा. कबड्डीतील माणसाला हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. पकड बसल्यावरही मध्यरेषेकडे हात लांबवत जाणारा चढाईपटू आणि त्याच्या अंगावर पडलेले पाच जण, असा प्रकार त्या खेळात प्रत्येक मिनिटाला होत असे.

गुणांची पद्धतही लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढे एका सामन्यात सगळे तिच्यावरच येऊन ठेपते. टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवण्याला, पाच गुण, त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला तर आणखी एक, आणि खेळ चालू असताना लाथेने केलेल्या गोलाला पाच.

आता मोसम. १८९९ च्या २१ ऑक्टोबरला अटलांटा येथे जॉर्जिया विद्यापीठावर १२–० आणि २३ ला तिथेच जॉर्जिया टेकवर ३२–०. मग घरच्या मैदानावर २८ ऑक्टोबरला टेनेसीवर ४६–० आणि ३ नोव्हेंबरला साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनवर ५४–०. त्यानंतर तो प्रसिद्ध दौरा: ९ नोव्हेंबरला ऑस्टिन येथे टेक्सासवर १२–०, १० ला ह्यूस्टन येथे टेक्सास ए अँड एमवर १०–०, ११ ला न्यू ऑर्लिन्स येथे ट्युलेनवर २३–०, १३ ला बॅटन रूज येथे लुइझियाना राज्य विद्यापीठावर ३४–०, आणि १४ ला मेम्फिस येथे मिसिसिपी विद्यापीठावर १२–०. परतल्यावर २० नोव्हेंबरला कंबरलंडवर ७१–०, ३० नोव्हेंबरला मॉन्टगोमेरी येथे ऑबर्नवर ११–१०, आणि २ डिसेंबरला अटलांटा येथे नॉर्थ कॅरोलायनावर ५–०. बारा सामने, बारा विजय, ३२२ गुण मिळवले आणि १० दिले.

या यादीकडे लोक पाहतात तेव्हा त्यांची नजर मधल्या पाच सामन्यांवर खिळते. माझी नजर पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन सामन्यांवर जाते. शनिवारी एक सामना, रविवार मोकळा, सोमवारी त्याच शहरात दुसरा; असा मोसमाचा प्रारंभ झाला. शेवटी गुरुवारी मॉन्टगोमेरी आणि शनिवारी अटलांटा. म्हणजे एकदा आगगाडीत बसलोच आहोत तर दोन ठिकाणचे उत्पन्न गोळा करून यावे, हा हिशेब सबंध मोसमभर चालू होता. नोव्हेंबरचा दौरा म्हणजे याच हिशेबाची ताणलेली आवृत्ती होती. ऑक्टोबरच्या जोडसामन्यांत संघाला दुसऱ्या सामन्यात आपले पाय कसे चालतात याचा अंदाज आला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणताही शहाणा प्रशिक्षक थेट पाच सामन्यांत उडी घेत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर पैसा हे आहे. सुवानी हे कंबरलंड पठारावरचे, एपिस्कोपल चर्चने स्थापन केलेले, निवासी आणि आडबाजूचे विद्यापीठ होते. तिकीट काढून सामना पाहणारी गर्दी डोंगरावर येणार कोठून? संघाचे उत्पन्न शहरांत होणाऱ्या सामन्यांच्या तिकीटविक्रीतून येई, आणि त्यातही नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी होणारा सामना हा मोठा आधार असे. त्या वर्षी या उत्पन्नाच्या वाटणीवरून दोन्ही विद्यापीठांत वाद झाला आणि सामनाच रद्द झाला. ज्याला आपण हातची दुभती गाय गेली म्हणतो, तसे झाले. मग व्यवस्थापक ल्यूक ली याने लागोपाठच्या दिवशी, लागोपाठच्या शहरांत सामने ठरवून खर्च एकदाच करायचा आणि तिकिटांचा वाटा पाच वेळा घ्यायचा, असा बेत आखला.

हा ली पुढे काय झाला हे सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याने १९०७ साली नॅशव्हिलमध्ये ‘टेनेसियन’ हे वृत्तपत्र काढले, १९११ साली, बत्तिशीच्या उंबरठ्यावर असताना, तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला, आणि पहिले महायुद्ध संपल्यावर जानेवारी १९१९ मध्ये काही सैनिकांना मोटारीत घालून हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मनीच्या पदच्युत सम्राटाला, कैसर विल्हेमला, उचलून आणण्यासाठी थेट त्याच्या वाड्यात जाऊन पोहोचला. कैसर हाती लागला नाही. लीला वरिष्ठांची कानउघाडणी ऐकावी लागली. १८९९ चे वेळापत्रक याच डोक्यातून निघाले होते, हे कळल्यावर ते वेळापत्रक जरा कमी विचित्र वाटू लागते.

दौऱ्याचा एकूण प्रवास सुमारे २,५०० मैलांचा, म्हणजे चार हजार किलोमीटरचा होता. डोंगरावरून फाट्यावरच्या गाडीने खाली यायचे आणि मग मुख्य मार्गाला लागायचे. संघासाठी पुलमन शयनयान घेतले होते, आणि शारीरिक दृष्टीने पाहता सबंध दौऱ्यातला सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच होता, असे मी म्हणेन. ऑस्टिनचा सामना संपला की रात्रीत सुमारे अडीचशे किलोमीटरवरचे ह्यूस्टन, तिथला सामना संपला की रात्रीत साडेपाचशे किलोमीटरवरचे न्यू ऑर्लिन्स. हा प्रवास आडवे पडून, पाय पसरून झाला. मी बसच्या आसनावर गुडघे दुमडून रात्रभर प्रवास केलेल्या आणि सकाळी नऊ वाजता मॅटवर उतरलेल्या संघांबरोबर काम केलेले आहे. त्यांच्या पोटऱ्या आणि मांडीच्या मागचे स्नायू हाताला लागतात तेव्हा पहिल्या सामन्याआधीच दुसरा सामना झाल्यासारखे वाटतात. सुवानीच्या मुलांना शयनयान मिळाले नसते, तर ह्यूस्टनलाच हा मोसम वेगळ्या दिशेला गेला असता, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. संघाने आपल्या डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून बरोबर घेतले होते. आज ऐकताना हे हौशीचे वाटते, पण तो विषमज्वराचा काळ होता, आणि नव्या गावचे पाणी बाधून दोन खेळाडू जरी आडवे झाले असते तरी वीस-एकवीस जणांच्या चमूत बदली माणूस आणायचा कोठून? आजही जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेत मी मुलांना पहिली सूचना सराव किंवा आहाराबद्दल देत नाही, पाण्याबद्दल देतो. निघताना खेळाडूंचे बूटच स्थानकावर राहिले आणि लीने धावपळ करून ते मागून मागवले, असाही किस्सा सांगतात. तो खरा असला तर मला आनंदच आहे, कारण आजवर मी पाहिलेल्या कोणत्याही दौऱ्यात काहीतरी मागे राहिल्याशिवाय गाडी हललेली नाही.

संघाबरोबर कॅल बरोज नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. खेळाडूंची मालिश, शेक, मलमपट्टी हे सगळे त्यांच्याकडे. दक्षिणेत वर्णभेद कायद्याने घट्ट बसत चालला होता त्या काळातली ही गोष्ट आहे, म्हणजे ज्या गोऱ्या मुलांचे पाय ते रात्रभर चोळत, त्यांच्या शेजारी बसून जेवण्याचा अधिकारही त्यांना नसणार. माझ्या व्यवसायाचे हे पूर्वज. या मोसमाच्या कथनात प्रत्येक हाफबॅकला टोपणनावासकट जागा मिळते, बरोज मात्र ओझरते येतात. मला विचाराल तर लीच्या खालोखाल श्रेय त्यांचे आहे.

आता शरीराच्या क्षमतेबद्दल. जोराच्या धक्क्यांचा खेळ झाल्यावर स्नायूंचे दुखणे लगेच शिखरावर पोहोचत नाही. ते साधारण चोवीस तासांनंतर वाढू लागते आणि दोन ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वांत जास्त होते. स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या जिन्याखाली उभे राहावे. मुले कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरतात, आणि तीच मुले तासाभराने चढाईला धावतात. स्नायूंतला साखरेचा साठा पुरता भरून यायलाही एक ते दोन दिवस लागतात. या हिशेबाने सुवानीचा सर्वांत वाईट दिवस तिसरा, म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा शनिवार असायला हवा होता. तिथे गाठ पडली ट्युलेनशी, ज्यांना त्या सबंध मोसमात एकही विजय मिळाला नाही. दौऱ्यातले अवघड प्रतिपक्ष पहिल्या दोन दिवशी, ताज्या पायांनी; मऊ प्रतिपक्ष तिसऱ्या दिवशी; आणि मग रविवार. तो धर्माने पाळलेला विश्रांतीचा दिवस नेमका तीन सामन्यांनंतर आला. हे लीने मुद्दाम आखले की गावांच्या भूगोलामुळे आपोआप जमले, यावर वाद घालता येईल, कारण टेक्सासपासून परत यायचे म्हटल्यावर याच क्रमाने यावे लागते. मला दोन्हीचा थोडाथोडा वाटा दिसतो. परिणाम मात्र निकालांत स्पष्ट आहे. पहिल्या दोन सामन्यांत मिळून बावीस गुण, रविवारनंतरच्या एका सामन्यात चौतीस, आणि पुन्हा लागोपाठ दुसऱ्या दिवशी खेळावे लागताच गुणसंख्या बारावर आली. दौऱ्याची बेरीज ९१ विरुद्ध शून्य.

नियमांनीही मदत केली, आणि हा भाग चाहत्यांना फारसा आवडत नाही. डावांची लांबी पस्तीस मिनिटे असली तरी दोन्ही कर्णधारांच्या संमतीने ती कमी करण्याची प्रथा त्या काळी होती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड नाही जमले तर चेंडू जाणार, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नातच लांब लाथ मारून खेळ प्रतिपक्षाच्या अंगणात ढकलून देणे हा रूढ डाव होता. ज्याच्याकडे चांगला लाथ मारणारा आहे, तो संघ कमी धावून, कमी आपटून सामना हातात ठेवू शकतो. सुवानीकडे फुलबॅक ऑर्मंड सिमकिन्स होता, आणि त्याचा पाय हे या संघाचे अर्धे बळ होते. चेंडू प्रत्येक वेळी भिंतीत घुसून पुढे न्यावा लागला असता, तर चौथ्या सामन्यापर्यंत खांदे राहिलेच नसते.

मात्र एका नियमाने उलट छळले. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नसे. म्हणून जखमी माणूस शक्यतो आतच राहायचा. टेक्सासविरुद्धच्या सामन्यात कर्णधार हेन्री सिबेल्स याच्या डोक्याला खोक पडली, ती चिकटपट्टीने बंद केली गेली आणि तो खेळत राहिला. सुवानीचे दोन्ही टचडाऊन त्याचेच. हा प्रसंग शौर्य म्हणून सांगितला जातो. आज माझ्यासमोर डोक्याला असा मार बसलेला खेळाडू आला तर तो त्या दिवशी आणि पुढचे किमान काही दिवस मैदानात जाणार नाही, मग कर्णधार असो की आणखी कोणी. दुसऱ्याच दिवशी ह्यूस्टनला तशाच धडका खायला त्याला पाठवणे, हे आजच्या मापाने सरळसरळ निष्काळजीपणाचे आहे. त्या काळी मेंदूला बसणाऱ्या आतल्या धक्क्याची समजच नव्हती, एवढेच म्हणता येते. सिबेल्स पुढे दीर्घायुषी झाला आणि १९७३ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानकऱ्यांत त्याचे नाव नोंदले गेले. त्याचे नशीब चांगले होते.

खरी परीक्षा दौऱ्यात झाली असे मी मानत नाही. ती ३० नोव्हेंबरला मॉन्टगोमेरीत झाली.

ऑबर्नचे प्रशिक्षक जॉन हाइझमन होते, ज्यांच्या नावाचा चषक आज दरवर्षी तिथल्या सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला देतात. (कंबरलंडची आठवण ठेवा. सुवानीने ज्यांना ७१–० ने हरवले त्याच कंबरलंडला १९१६ साली हाइझमन यांच्या जॉर्जिया टेकने २२२–० ने झोडपले. काही महाविद्यालयांच्या पत्रिकेतच असे योग असतात.) हाइझमन यांनी ऑबर्नला एक निराळी गोष्ट शिकवली होती: एक प्रयत्न संपला की विश्रांती न घेता, प्रतिपक्ष फळी मांडून उभा राहण्याआधीच पुढचा प्रयत्न सुरू करायचा. दमछाक झालेल्या संघाविरुद्ध याहून जालीम शस्त्र नाही. सुवानीचा दहा सामन्यांत न भंगलेला बचाव याच संघापुढे भंगला, आणि सबंध मोसमात दिलेले दहाही गुण याच एका दुपारी गेले.

मघाची गुणपद्धती आता आठवावी. दोन टचडाऊनचे दहा गुण दोघांचेही होऊ शकतात. अकरा आणि दहा यांतला फरक म्हणजे टचडाऊननंतरची एक लाथ. त्या काळी ही लाथ आजच्यासारखी ठरलेल्या मध्यावरून मारायची नसे. रेषेपलीकडे चेंडू जिथे टेकवला असेल, त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारावी लागे, म्हणजे कोपऱ्यात टेकवला की खांब जवळजवळ मिटलेल्या दारासारखे दिसत. चार हजार किलोमीटरचा दौरा, शून्यावर ठेवलेले पाच संघ, सहा दिवसांची कीर्ती, हे सगळे त्या एका कोनावर टांगलेले होते. ती लाथ चुकली असती तर हा सामना बरोबरीत सुटला असता आणि आपले प्रश्नकर्ते आज सुवानीबद्दल विचारत बसले नसते. सामना वादानेही गाजला. हाइझमन यांनी पंचांविरुद्ध वर्तमानपत्रात सविस्तर तक्रार लिहिली आणि तिला उत्तरही छापून आले. निम्मे आयुष्य मैदानाच्या कडेला काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. एका गुणाने हरलेला प्रशिक्षक पंचांबद्दल समाधानी आहे, असे मी कधी पाहिलेले नाही.

त्यानंतर अठ्ठेचाळीस तासांत नॉर्थ कॅरोलायना. इथे टचडाऊन कोणालाच करता आला नाही. हाफबॅक किलपॅट्रिकच्या पायाने झालेला एक गोल, पाच गुण, आणि उरलेला सगळा वेळ सिमकिन्सच्या लांब लाथांनी प्रतिपक्षाला मागे रेटत काढला. माझ्या दृष्टीने या मोसमातली सर्वांत प्रगल्भ खेळी हीच. पाय संपलेले आहेत हे ओळखून, धावण्याची हौस बाजूला ठेवून, मैदानाच्या लांबीचा उपयोग करून पाच गुण सांभाळणे, हे वीस-बावीस वर्षांच्या मुलांना सुचत नाही. त्यामागे प्रशिक्षक बिली सूटर यांची शिस्त असावी. ते प्रिन्स्टनमध्ये खेळलेले होते, आणि त्या काळी ईशान्येकडच्या त्या महाविद्यालयांतून दक्षिणेत उतरणारा प्रशिक्षक आपल्याबरोबर खेळाचे पुढचे व्याकरण घेऊन येत असे.

आजचे खेळाडू हे का करू शकत नाहीत, याचे उत्तर ‘ते कमकुवत झाले’ असे देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. ते चुकीचे आहे. सुवानीच्या खेळाडूचे सरासरी वजन पाऊणशे किलोच्या आसपास होते. आजच्या मोठ्या विद्यापीठांच्या आघाडीच्या फळीत सव्वाशे-दीडशे किलोची माणसे असतात आणि ती आश्चर्य वाटावे इतकी चपळ असतात. धडकेची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १८९९ च्या खेळात माणसे एकमेकांना चिकटून रेटारेटी करत. आजच्या खेळात ती वीस-तीस यार्डांवरून धावत येऊन एकमेकांवर आदळतात. शिरस्त्राण आल्याने कवटी वाचली, पण डोके पुढे घालून धडकण्याचे धाडसही वाढले. म्हणून आठवड्याला एक सामना हे आजचे माप आहे आणि तेही अनेक डॉक्टरांना जास्त वाटते. जुना खेळ सौम्य होता, असा मात्र अर्थ काढू नये. त्या रेटारेटीत मुले मरत होती, इतकी की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. सुवानीच्या दौऱ्यातून सगळे जिवंत परतले, ही त्या काळात गृहीत धरण्यासारखी गोष्ट नव्हती.

सुवानीची पुढची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी आग्नेय परिषद हा आपसांत सामने खेळणारा गट स्थापन केला तेव्हा सुवानी तिच्या संस्थापकांत होते. परिषदेतला एकही सामना न जिंकता ते १९४० साली बाहेर पडले. आज ते क्रीडा शिष्यवृत्त्या न देणाऱ्या छोट्या महाविद्यालयांच्या गटात खेळतात. त्यांनी १८९९ मध्ये हरवलेल्यांपैकी टेक्सास, टेनेसी, जॉर्जिया, ऑबर्न, लुइझियाना हे आज लाखभर प्रेक्षकांच्या आसपासची मैदाने भरतात.

आता प्रशिक्षकांचा शेवटचा प्रश्न. मुलांना हा मोसम जरूर सांगा, पण सगळा सांगा. शयनयान, पाण्याची पिंपे, बरोज यांची मालिश आणि तिसऱ्या दिवसानंतरचा रविवार हेही सांगा. आपल्या स्पर्धेत एका दिवसात तीन सामने घालणाऱ्या आयोजकांना तर आधी सांगा. दोन सामन्यांत किमान पुरेशी झोप, तिसऱ्या दिवशी मुख्य चढाईपटूला पहिल्या सत्रात बसवण्याची तयारी, आणि डोक्याला मार बसलेल्याला निकाल काहीही होवो, बाहेर ठेवणे, एवढे केले तर कबड्डीचा संघ चार-पाच दिवसांची स्पर्धा सुखरूप पार पाडतो, हा माझा अनुभव आहे.

आणि सिमकिन्सचे सांगा. त्याच्या गुडघ्यांना खेळताना वारंवार दुखापती झाल्या होत्या आणि तरीही तो खेळत राहिला. पुढील आयुष्यात त्याचे दोन्ही पाय कापावे लागले, आणि त्याच्या जवळच्यांनी त्याचा संबंध फुटबॉलच्या त्या दुखापतींशीच जोडला. १९२१ साली, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो वारला. सुवानीने त्या मोसमात अडचणीच्या प्रत्येक क्षणी ज्याच्यावर भिस्त ठेवली, तो हाच पाय.